जोडाचा सदरा

पार्वतीबाई अलीकडे दाराकडे पाठ करून शिवायला बसत होती, आणि धोंडबाच्या मनाला ते काही बरं वाटत नव्हतं.

शिवण म्हणजे उजेडाचं काम. आजवर ती चौकटीला टेकून, उजेड मांडीवर घेऊन बसायची. येणारी-जाणारी बाई थांबायची, चार शब्द बोलायची, हातावर तंबाखू मळायची. आता तोंड अंधाराकडे आणि उजेड पाठीवर. मांडीवर काय आहे ते पाहायचं तर तिच्या पुढ्यात जाऊन बसावं लागे, आणि घरच्या माणसानं स्वतःच्या बायकोपुढं असं चौकीदारासारखं कसं बसावं?

त्यानं घमेलं दाराशी ठेवलं. दिवसभर रस्त्यावर गिट्टी फोडून त्याच्या भुवया, कानांच्या पाळ्या, नाकातले केससुद्धा भुरके झाले होते.

"काय शिवून राहिली वं?"

"सदरा."

"कोनाचा?"

"सदरा घालनारं घरात दुसरं कोन हाये?"

आतून प्रेमिला खुदकन हसली. ती सतरा वर्षांची त्यांची एकुलती मुलगी. धोंडबा हसला नाही. त्यानं मान लांबवून पाहिलं. पांढरे तुकडे होते. कुठं वीतभर, कुठं हातभर, एकसारखे घडी करून रचलेले. त्याचा जुना सदरा उसवून नमुन्यासाठी जमिनीवर पसरला होता, आणि त्याच्या बाह्या-पाठीवर नवे तुकडे मांडून ती जोड कुठं पडेल ते पाहत होती.

"कापड कुठलं?"

"कटपीस हाये. बुटीबोरीच्या बाजारातलं."

"कोनापासून घेतलं?"

"बसते एक मानूस."

"कोन मानूस?"

पार्वतीबाईनं दोरा दातानं तोडला. "आता नाव-गाव इचारून चिंध्या घ्या काय? कोंबडी इकली, कापड घेतलं. हात धुवा, भाकर थंडी होऊन राहिली."

पांजरखेड्याची ती वस्ती गावाच्या उतरत्या अंगाला होती. त्या साली पावसानं आषाढातच तोंड फिरवलं होतं. ज्वारी गुडघ्याएवढी वाढून तशीच करपली. शेतात निंदण नाही, कापणी नाही, तेव्हा अख्खी वस्ती वर्धा रोडच्या दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला जात होती. अशा दिवसांत नवं कापड म्हणजे गोष्टीतला पुरणपोळीचा घास. पण दसरा तोंडावर आला होता. नागपूरला दीक्षा घेतल्याला यंदा दहा वर्षं होणार होती, आणि वस्तीनं ठरवलं होतं की सगळ्यांनी पायी नागपूरला जायचं, अंगावर पांढरंच घालायचं, आणि झेंडा धोंडबानं धरायचा.

झेंडा धोंडबालाच का, हे वस्तीत कोणी विचारत नव्हतं. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. गावातलं कोणी मेलं की सोयरेधायरे एकेक कापड आणून मढ्यावर घालत, वर गुलाल टाकत. चितेला अग्नी द्यायच्या आधी ती सगळी कापडं उतरवायची आणि धोंडबाच्या बापानं, आज्यानं ती हक्क म्हणून उचलून घरी न्यायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वस्तीतल्या लेकरांच्या अंगावर तेच कापड, बाळंतिणीच्या पोटाला तेच कापड. दीक्षा घेऊन आल्यावर पहिलं मढं निघालं तेव्हा धोंडबा घाटावर गेला, हात मागं बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "आमी नाही उचलत." कोणाची काठी पडली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हाड वाकडं जुळलं. पण त्या दिवसापासून पांजरखेड्यात मढ्यावरच्या कापडाला वस्तीतल्या कोणी हात लावला नाही. गावातलेही कोणी लावेनात. मग ती कापडं नाल्याकाठच्या बाभळीवर फेकून देत, आणि ती काट्यांना लटकून वाऱ्यानं फडफडत राहत.

दुसऱ्या दिवशी कामावर ऊन नुसतं टोचत होतं. हातोडा उचलला की त्याचा दांडा तळहाताला चिकटायचा. वामनराव मुकादम छत्री घेऊन फिरत होता. तो गावचाच, मालगुजार चंपतरावांच्या बैठकीतला. मालगुजारी जाऊन वर्षं लोटली होती, पण चंपतरावांना लोक अजून मालगुजारच म्हणत. त्यांची आई भादव्यात गेली होती. बारा गावचे पाहुणे आले होते, आणि म्हातारीच्या अंगावर इतकी कापडं पडली होती की तिरडी उचलताना खांदेकरी वाकले, असं गावात अजून सांगत होते.

वामनराव धोंडबाच्या ढिगाजवळ थांबला.

"काय गा धोंडबा, दसऱ्याले पांढरं घालून राहिले म्हनते तुमची मंडळी?"

"हो जी."

"अख्खी वस्ती?"

"अख्खी."

"दुकान टाकलं काय कोनी?" वामनरावनं छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "नाही म्हंजे, आमच्या आजीबाईच्या अंगावरचं तं नोहे ना? इतकं पांढरं यंदा तिच्याच अंगावर पडलं होतं, म्हून इचारलं."

पलीकडं गावातल्या बाया घमेली भरत होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. धोंडबानं हातोडा मारला. दगड नीट फुटला नाही. एक कपची उडून त्याच्या नडगीला लागली आणि रक्ताची बारीक धार घोट्यापर्यंत आली. त्यानं ती पुसली नाही.

जेवणाच्या सुट्टीत नत्थूजी त्याच्याजवळ येऊन बसले. वस्तीतले सर्वांत वडील. बुद्धवंदना तेच म्हणवून घेत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"लोक बोलून राहिले, धोंडबा."

"गावातले तं बोलतेतच."

"गावातल्याचं सोड. आपल्यातले बोलून राहिले. तुह्या घरात सगळ्यात पह्यलं पांढरं आलं. मग दुसऱ्यांच्या घरी. कुठून आलं, कोनी सांगत नाही. बायांले इचारलं तं बाया तोंड फिरवतेत." नत्थूजींचा आवाज खाली आला. "शपथ तू घातली होती, बापा. झेंडा तुह्या हाती द्याचा हाये. दसऱ्याच्या आंधी मले एक शब्द सांग, बस."

धोंडबाची भाकरी तशीच राहिली. तो उठला, तांब्या घेऊन आडोशाला जातो असं दाखवून नाल्याकडे वळला.

नाला कोरडा होता. वाळूत पाय भाजत होते. बाभळीवर जुन्या चिंध्या होत्या, उन्हापावसानं राखेच्या रंगाच्या झालेल्या, हात लावला तर भुगा व्हावा अशा. भादव्यातलं कापड मात्र नव्हतं. एकही नव्हतं. तो झाडाभोवती फिरला. खालच्या फांद्यांवर काट्यांना पांढरे दोरे अडकले होते, कुठं नखाएवढी चिंधी. वाऱ्यानं नेलं असतं तर कापड नाल्यात पडलं असतं. हे कोणी तरी घाईनं ओढलं होतं. ओढता ओढता फाटलं होतं.

खाली पावलं होती, पण वाळूतलं पाऊल कोणाचं सांगता येतं? बाईचं की माणसाचं, हेसुद्धा त्याला कळेना. तो वाकून पाहत राहिला, आणि आपण आपल्याच बायकोचं पाऊल शोधतोय हे ध्यानात आल्यावर तो झटकन मागं फिरला.

त्या दिवशी तो घरी लवकर आला. पार्वतीबाई दूरच्या विहिरीवर पाण्याला गेली होती. धान्याच्या कोठीमागं तिची गठडी होती. कोठी यंदा रिकामीच, तेव्हा गठडी लपवायला जागा चांगली. त्यानं गाठ सोडली. सदरा निम्मा झाला होता. जोड इतके बारीक घातले होते की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. डाव्या खांद्याला तिनं कापड बोटभर खाली उतरतं कापलं होतं. खाली प्रेमिलाच्या पोलक्याचे तुकडे होते. एका तुकड्याला तीन कोनांत फाटलेलं भोक होतं, तिनं ते रफू केलं होतं. आणि एका काठाच्या दुमडीत, नखानं उकलल्यावर, गुलालाची फिकट रेघ होती.

"बाबा, आईची गठडी काहून सोडली?"

प्रेमिला दारात उभी होती.

"सुई पाहून राहिलो. पायात काटा गेला."

"सुई तं आईच्या पोलक्याले टोचली राह्यते."

मुलगी त्याच्या पायाकडे पाहत होती. त्यानं पाय मागं घेतला आणि गाठ बांधली. गाठ पहिल्यासारखी बसली नाही.

पार्वतीबाईनं पाण्याची गुंडी उतरवली आणि कोठीमागं एकदाच पाहिलं.

"पाह्यलं?"

धोंडबा म्हणाला, "गुलाल कायचा हाये त्याले?"

"मीबी इचारलं होतं. दुकानात होळीचा रंग सांडला होता म्हने. म्हून तं सस्त्यात देल्लं."

"कोन म्हने?"

तिनं ओला पदर पिळायला घेतला.

"घाटावरचं कापड नाही, पार्वते. कोनी तरी ओढून नेलं."

पार्वतीबाई ओला पदर पिळता पिळता थांबली.

"तुमाले वाटते मी गेली?"

"मी कुठी म्हनलं तू गेली?"

"तुमच्या खांद्याले मी सहा महिने शेक देल्ला. घासभर कोंड्याची भाकर खाल्ली अन् मालगुजाराच्या दारी गेली नाही. अन् मी जाईन घाटावर?" तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "त्या मानसाले शब्द देल्ला हाये का नाव सांगनार नाही. आमी सगळ्या बायांनी देल्ला. त्याची इज्जत हाये. मंगळवारी बाजार हाये. जा, अन् डोये भरून पाहा."

परक्या माणसाला शब्द, आणि नवऱ्याला पाठ. त्या रात्री धोंडबा अंगणात झोपला.

मंगळवारी काम बुडवून तो बुटीबोरीला गेला. बाजारात माल कमी आणि माणसं जास्त होती. भाजीवाल्यांकडे सुकलेली वांगी, बैलांच्या बाजारात हाडं मोजावीत असे बैल. कापडवाल्यांच्या रांगेत कोणी नवखा नव्हता. शेवटी लिंबाच्या झाडामागं, मडकीवाल्यांच्याही पलीकडं, त्याला आपल्या वस्तीतल्या बाया दिसल्या. सिंधूताई, यमुताई, अजून दोघीतिघी. मधोमध एक माणूस गठडी सोडून बसला होता. डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्याचं टोक तोंडावर. बायका कापड ओढून, उजेडाकडे धरून पाहत होत्या.

"अवो, हा तुकडा बाहीले पुरत नाही. याच्या संगं तो द्या."

"घे बाई, घे. लवकर कर."

आवाज ऐकून धोंडबा थांबला. तो गिरिधर होता. चंपतरावांच्या चुलतभावाचा मुलगा. स्वतःचं शेत नाही, मालगुजारांच्या ओसरीवर पडलेला, त्यांच्या ताटातलं उरलं ते खाणारा. त्यांच्या कामानं तो नागपूरच्या कापडबाजारात, गांधीबागेत जाई-येई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायांनी सहज विश्वास ठेवला असता. मालगुजाराच्या घरचा माणूस चिंध्या विकतो म्हटल्यावर लपवायचं कारणही खरं वाटलं असतं.

बाया तुकडे घेऊन सरकल्या तसा धोंडबा पुढं जाऊन बसला. गिरिधरनं गठडी आवळायला घेतली.

"राहू द्या जी. मलेबी पाहू द्या."

"संपला माल."

धोंडबानं एक तुकडा हातात घेतला. "कुठलं हाये?"

"गांधीबागेतलं. दुकानातलं उरलंसुरलं."

"गांधीबागेत बाभळीवर वाळवतेत काय कापड?"

त्या तुकड्यालाही तशीच तीन कोनांतली फाट होती, ती त्यानं बोटावर पसरून धरली. गिरिधरच्या तोंडावरचं दुपट्ट्याचं टोक गळून पडलं. गालफडं आत गेली होती. दोन दिवसांची दाढी, आणि ओठ कोरडे. धोंडबाला आधी राग यायला हवा होता. पण त्या माणसाचे हात पाहून त्याला नवल वाटलं. मनगटापासून कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, काही ताजे.

"कोनाले सांगू नको गा धोंडबा," गिरिधर म्हणाला. "काका मले जितं ठेवनार नाही. जातीत घेनार नाहीत. दोन वेळच्यासाठी... तू समज." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "अन् तुमी सोडलं म्हून तं ते सडून राहिलं होतं. मी धुतलं, सोड्यात उकळलं. चांगलं कापड हाये. लाल डाग तेवढा निघत नाही."

"आमच्याच बायांले इकलं?"

"मंग कोनाले इकू? पांढरं तुमालेच लागते."

हे ऐकून धोंडबाचा हात उठायला हवा होता. उठला नाही. एका हाकेवर बाजार गोळा झाला असता. मालगुजाराच्या घरचा माणूस मढ्यावरचं कापड विकतो, हे ऐकून बुटीबोरी हसली असती, आणि दहा वर्षांपूर्वीची ती काठी फिटली असती. त्यानं तोंड उघडलं.

"अवो भाऊजी!" मागून सिंधूताईची हाक आली. तिच्या काखेत तुकड्यांची गुंडाळी होती. नवरा गेल्यापासून तिच्या अंगावर धडसं कापड कोणी पाहिलं नव्हतं. "तुमीबी घेऊन राहिले काय? घ्या, घ्या. माह्या चारुनं तं कालच घालून पाह्यलं. उतरवतच नव्हती, रांडोळी."

धोंडबाचं तोंड उघडंच होतं. त्यानं ते मिटलं.

"पाहून राहिलो," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा पार्वतीबाई दारात बसली होती. उजेडाकडे तोंड करून. काजं करत होती.

"दिसला?"

"दिसला."

"गिरिधर होता का नाही?"

"होता."

"मंग? पटलं आता?"

"पटलं."

तिनं सुई थांबवून त्याच्याकडे नीट पाहिलं. जिच्यावर आळ येतो तिला, तो उतरल्यावर, थोडं तरी मोकळं हसू यावं. तिला आलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर काही तरी राहून गेलं होतं, आणि ते काय हे तिला कळेना.

"मंग असं काहून हाये तोंड तुमचं?"

"उन्हातून आलो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्ती निघायची होती. पहाटे पार्वतीबाईनं पाणी तापवलं, त्याच्या पाठीवर ओतलं, गिट्टीची भुकटी निघेपर्यंत घासलं. मग सदरा त्याच्या पुढं ठेवला. निळीत बुडवून, पितळी लोट्यात निखारे घालून तिनं त्याला इस्त्रीसुद्धा फिरवली होती. अशी घडी धोंडबाच्या अंगाला जन्मात लागली नव्हती.

तो घडीकडे पाहत बसून राहिला. अंगावरचं पाणी वाळलं. बाहेर लेझीम वाजू लागलं.

"घाला ना."

"तो जुनाच बरा होता."

"जुना उसवला. तुमच्या डोयादेखत उसवला." ती त्याच्या पुढ्यात येऊन बसली. "अजून? बाजारात जाऊन, पाहून, अजून? सांगा तं खरी, काय करू म्हंजे तुमाले पटन? घाटावर जाऊन शपथ घेऊ?"

"तसं नाही, पार्वते."

"मंग कसं?"

तसं कसं, हे सांगायला एकच वाक्य लागत होतं. पण ते वाक्य एका घरात राहणारं नव्हतं. ते सिंधूताईच्या घरात गेलं असतं, यमुताईच्या, वस्तीतल्या प्रत्येक दोरीवर वाळत घातलेल्या पोलक्यापर्यंत गेलं असतं. आणि न सांगता हा सदरा घातला नाही, तर वस्तीसमोर बायकोवरचा आळ त्यानंच पक्का केला असता. जे न घालण्यासाठी त्यानं हाड मोडून घेतलं, तेच घातल्याशिवाय तिची मान वर होणार नव्हती.

त्यानं हात वर केले. पार्वतीबाईनं सदरा डोक्यावरून घातला. खांदा बरोबर बसला. सरळ उभा राहिला तर वाकडेपण कोणाला दिसलं नसतं. कापड अंगाला थंड लागलं.

निंबाखाली सगळी वस्ती जमली होती. पांढरीशुभ्र. म्हाताऱ्यांसाठी एक बैलगाडी. पोरी एकमेकींच्या बाह्या ओढून जोड मोजत होत्या, कोणाच्यात जास्त म्हणून भांडत होत्या. नत्थूजी झेंडा घेऊन उभे होते. धोंडबा पुढं गेला, पण नत्थूजींनी काठी त्याच्या हातात दिली नाही.

"समद्यांपुढं इचारतो, वाईट मानू नको. या अंगावरचं कापड कुठलं हाये, धोंडबा?"

लेझीम थांबलं. सिंधूताईनं चारुशीलेला जवळ ओढलं. पार्वतीबाई मागं उभी होती. तिच्याकडे न पाहताही तिचा श्वास धोंडबाला कळत होता.

खोटं बोलणार नाही, हे रोज सकाळी म्हणायच्या पाच शीलांतलं एक. दहा वर्षांत त्यानं ते एकदाही चुकवलं नव्हतं.

"इकतचं हाये," तो म्हणाला. "माह्या बायकोनं कोंबडी इकून घेतलेलं. कोनी देल्लं नाही, कोनापुढं हात पसरला नाही. घाटावर आपल्यातलं कोनी गेलं नाही. हे मी पाहून आलो."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. नत्थूजींनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणखी एक प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा. मग त्यांनी भोवतालची पांढरी माणसं पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि काठी धोंडबाच्या हातात दिली.

"चाला," ते म्हणाले. "उन्हाच्या आंधी मोठा रस्ता धरू."

जयजयकार झाला. मंडळी निघाली. झेंडा पुढं, मागं पोरी, मग बाया, शेवटी गाडी. पायाखालची धूळ उडून पांढऱ्यावर बसू लागली.

गावकुसाच्या वळणावर पार्वतीबाई पावलं उचलत पुढं आली आणि त्याच्या बाजूनं चालू लागली. तिनं काही विचारलं नाही. तिचा हात आपल्याच पोलक्याच्या काठावर होता. तेही त्याच तुकड्यांतलं, त्याच्याही दुमडीत गुलालाची रेघ. नखानं ती दुमड उकलत होती, पुन्हा मिटवत होती. दुकानातला होळीचा रंग. आपल्यातलं कोणी गेलं नाही. हे दोन बोल ती एकमेकांना लावून पाहत असावी, जसे ती दोन तुकडे लावून पाहायची, जोड कुठं पडतो ते.

तिची चाल एकाएकी मंदावली. धोंडबानं वळून पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तो नजर चुकवत नव्हता, त्यातच तिला उत्तर मिळालं.

मागं प्रेमिला चारुशीलेच्या गळ्यात हात टाकून मोठ्यानं गात होती. तिचा सूर चुकत होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

पार्वतीबाईनं पोलक्यावरचा हात काढला, पदर नीट केला.

"पोरीले सांगू नका," ती म्हणाली, आणि पाऊल उचललं.